त्रास नेमका कुणाला?

लिझ कॅनर ही अमेरिकन दिग्दर्शिका बरीच वर्षं मानवी हक्कांवर डॉक्युमेंटरी करत होती. वंशसंहार, पोलिसांचे अत्याचार, गरिबी असे तिचे विषय. यातून जरा उसंत घ्यावी, काहीतरी सुखाचं करावं असं तिला वाटत होतं, आणि तेवढ्यात व्हायव्हस नावाच्या औषध कंपनीकडून काम आलं. कंपनी बायकांसाठी एक क्रीम तयार करत होती. ते लावल्यावर उत्तेजना वाढते का, हे पाहायच्या ट्रायलमध्ये बायकांना कामुक व्हिडिओ दाखवायचे होते. ते व्हिडिओ एडिट करायचं काम कॅनरचं. तिने ते घेतलं, आणि त्याच वेळी कंपनीत आपला कॅमेरा फिरवायची परवानगीही मिळवली. साधारण नऊ वर्षांच्या शूटिंगमधून २००९ मध्ये ‘ऑर्गॅझम इंक.’ ही फिल्म तयार झाली.

मी ही फिल्म दोनदा पाहिली. ती मला आवडते, आणि तरी ती मला पुरत नाही. या लेखात मला हे दोन्ही सांगायचं आहे. तिने काय नेमकं पकडलं, आणि २००९ नंतर जे घडलं त्यासमोर ती कुठे तोकडी पडते. कारण खरा वाद फिल्म संपल्यावर पेटला. बाईला सेक्सची इच्छाच होत नसेल तर त्याला आजार म्हणायचं का? आणि म्हणायचं ठरलं, तर त्यावर गोळी द्यायची का?

४३ टक्के कुठून आले?

२७ मार्च १९९८ ला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, व्हायग्राला मान्यता दिली. त्या निळ्या गोळीने किती पैसा कमावला हे सगळ्यांना माहीत आहे. मग कंपन्यांच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला तो साहजिकच होता. बायकांचं काय?

पण गोळी विकायला आधी आजार लागतो, आणि आजार मोठा आहे हे सांगायला आकडा लागतो. तो आकडा १९९९ मध्ये मिळाला. ‘जामा’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. १८ ते ५९ वयाच्या अमेरिकन बायकांपैकी ४३ टक्क्यांना ‘लैंगिक बिघाड’ आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुरुषांचा आकडा ३१ टक्के. पुढे कितीतरी वर्षं हा ४३ आकडा बातम्यांमध्ये, कंपन्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये आणि डॉक्टरांच्या परिषदांमध्ये फिरत राहिला.

आता तो काढला कसा, ते पाहा. १९९२ च्या एका सर्वेक्षणात १,७४९ बायकांना सात तक्रारींची यादी दिली होती. सेक्समध्ये रस नव्हता, नीट जमेल का याची काळजी वाटली, सुख मिळालं नाही, वगैरे. गेल्या वर्षभरात यातलं काही सलग काही महिने झालं का, एवढाच प्रश्न. सातपैकी एकालाही ‘हो’ म्हटलं की बाई बिघाडाच्या रकान्यात. त्या वर्षात तिला बाळ झालं होतं का, नोकरी गेली होती का, घरात कुणी आजारी होतं का, नवऱ्याशी बोलणं बंद होतं का, याने काही फरक पडत नव्हता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, या गोष्टीचा तुला स्वतःला त्रास होतोय का, हे त्या गणितात कुठेच नव्हतं. लेखाच्या तीन लेखकांपैकी दोघांचे व्हायग्रावाल्या फायझरशी संबंध होते, हेही नंतर उघड झालं.

कॅनर हा सगळा फुगा हसतखेळत फोडते, आणि हे तिचं खरं बलस्थान आहे. ती कुणावर ओरडत नाही. ती साधे प्रश्न विचारते आणि कॅमेरा चालू ठेवते. समोरचा माणूस उत्तर शोधताना अडखळतो, आणि ते अडखळणंच आपल्याला पुरेसं सांगून जातं. व्हायव्हसच्या क्रीममध्ये जे औषध होतं, तेच या कंपनीने आधी पुरुषांच्या ताठरतेसाठी विकलेलं होतं. म्हणजे औषध हातात होतं, आता त्याला साजेसा आजार हवा होता. ते क्रीम बाजारात कधीच आलं नाही.

पाय हलतो, बाकी काही नाही

फिल्ममधला माझ्या मते सगळ्यात चांगला भाग एका वयस्क बाईचा आहे. साठी ओलांडलेली, साधी, मोकळं बोलणारी. संभोगातून आपल्याला कधी परमोच्च सुख मिळालं नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडलंय, असं तिने आयुष्यभर धरून चाललेलं. नॉर्थ कॅरोलायनातला एक डॉक्टर पाठीच्या कण्याजवळ इलेक्ट्रोड बसवून बायकांना ते सुख मिळवून देता येईल का, हे तपासत असतो. उपकरणाचं नाव ‘ऑर्गॅझमॅट्रॉन’. नाव वूडी ॲलनच्या ‘स्लीपर’ या सिनेमातून उचललेलं. ही बाई प्रयोगासाठी तयार होते. पाठीत इलेक्ट्रोड बसतो, बटण दाबलं जातं आणि तिचा पाय हलायला लागतो. बाकी काही होत नाही.

इथवर आपण हसत असतो. मग कॅनर तिला सांगते की निव्वळ संभोगातून बहुतेक बायकांना ते सुख मिळत नाही. त्याला आजार म्हणत नाहीत, शरीर तसंच असतं. ती बाई हे ऐकते आणि तिचा चेहरा मोकळा होतो. आपलं हसू मात्र विरतं. इतकी साधी माहिती तिला या वयापर्यंत कुणी दिली नव्हती, आणि ती मिळण्याआधी तिच्या पाठीच्या कण्यापर्यंत तार पोचली होती.

माहितीच्या अभावातून आजार कसा तयार होतो, हे याहून नेमकं दाखवता येणार नाही. पण माझी अडचणही याच प्रसंगापासून सुरू होते. या बाईचा प्रश्न माहिती मिळाल्यावर सुटला. फिल्म पुढे असं धरून चालते की सगळ्यांचाच तसा सुटेल. खरं कळलं की बाई मोकळी होईल, कंपनीचं ढोंग उघडं पडेल आणि गोष्ट संपेल.

‘मला माहिती सगळी आहे’

दुसऱ्यांदा फिल्म पाहिली ती एका मैत्रिणीसोबत. ती माझ्याच वयाची, वाचणारी, स्वतःच्या शरीराबद्दल माझ्यापेक्षा जास्त मोकळी. गेली दोन वर्षं ती नैराश्यावरच्या गोळ्या घेतेय. या प्रकारच्या बऱ्याच औषधांनी लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, हा नोंदला गेलेला, सर्रास आढळणारा परिणाम आहे. तिचंही तेच झालंय. तिच्या शब्दांत सांगायचं तर, ‘मनच होत नाही.’

फिल्म संपल्यावर ती म्हणाली, “हे सगळं बरोबर आहे गं. पण मला माहिती सगळी आहे. नवरा चांगला आहे, जबरदस्ती नाही, कामं वाटून घेतो. मला कुणी फसवलेलंही नाही. मला आधी हवंसं वाटायचं, आता वाटत नाही, आणि मला ते परत हवंय. या फिल्ममध्ये माझ्यासारखी कुठाय?”

मी म्हटलं, फिल्म कंपन्यांवर आहे, तुझ्यावर नाही. ती म्हणाली, “तेच तर. कंपनी म्हणते तू पेशंट. ही म्हणते तू गिऱ्हाईक, फसू नकोस. मला काय वाटतं ते दोघंही विचारत नाहीत.”

मला तिचं म्हणणं अर्ध पटलं. अर्ध नाही, कारण फिल्म विचारतच नाही असं नाही. पाठीत तार घालून घेणाऱ्या बाईला कॅनर खूप आस्थेने विचारते. पण जिला इच्छा परत हवी आहे, जिचं दुःख खरं आहे आणि जी अजाण नाही, अशी बाई फिल्मच्या मांडणीत बसत नाही. २००८ मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीकडे बघा. त्यात ३१,५८१ अमेरिकन बायकांना प्रश्न फोडून विचारला होता. तुम्हाला अमुक तक्रार आहे का? आणि तिचा तुम्हाला त्रास होतो का? कुठलीतरी तक्रार असणाऱ्या पुन्हा ४३ टक्क्यांच्या आसपासच निघाल्या. पण तक्रार आणि त्रास दोन्ही असणाऱ्या उरल्या १२ टक्के. इच्छा कमी आहे असं ३९ टक्के म्हणाल्या, त्याचा त्रासही होतो असं म्हणणाऱ्या १० टक्के.

४३ वरून १२ वर येणं हा कंपन्यांच्या दाव्यांना मोठा धक्का आहे. पण १० टक्के म्हणजे दहात एक. त्या दहाव्या बाईला काय सांगायचं?

गुलाबी गोळीची कुस्ती

याच दहाव्या बाईच्या नावाने पुढची लढाई झाली. फ्लिबॅन्सेरिन हे औषध जर्मनीच्या बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीने मुळात नैराश्यासाठी बनवलेलं. नैराश्यावर ते चाललं नाही. पण ट्रायलमध्ये काही बायकांची इच्छा वाढल्यासारखी दिसली, म्हणून कंपनीने रोख बदलला. व्हायग्रा रक्तप्रवाहावर काम करते, ही गोळी मेंदूतल्या रसायनांवर. ती गरज पडेल तेव्हा घ्यायची नसते, रोज झोपताना घ्यायची असते. त्यामुळे ‘बायकांची व्हायग्रा’ हे नाव बातम्यांना सोयीचं असलं तरी चुकीचं आहे.

जून २०१० मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने औषधाच्या विरोधात मत दिलं. बोहरिंगरने त्याच वर्षी हात झटकले. २०११ मध्ये स्प्राउट नावाच्या छोट्या कंपनीने ते विकत घेतलं. २०१३ मध्ये एफडीएने पुन्हा नकार दिला. त्यानंतर प्रयोगशाळेतला प्रश्न रस्त्यावर आला. २०१४ मध्ये ‘ईव्हन द स्कोअर’, म्हणजे ‘बरोबरी करा’, ही मोहीम सुरू झाली, आणि तिच्यामागच्या पैशात स्प्राउटचाही वाटा होता. मोहिमेची घोषणा होती २६–०. लैंगिक तक्रारींवर पुरुषांसाठी २६ औषधं आणि बायकांसाठी शून्य, म्हणून एफडीए बायकांवर अन्याय करतेय, असा तिचा अर्थ.

घोषणा म्हणून ही जबरदस्त आहे. हिशोब म्हणून लबाड आहे. एकाच टेस्टोस्टेरॉनचे वेगवेगळ्या ब्रँडचे जेल, पट्ट्या, इंजेक्शनं वेगवेगळी मोजून २६ झाले होते. आणि पुरुषांसाठी मान्य झालेली औषधं ताठरतेसाठी किंवा हार्मोनच्या कमतरतेसाठी होती. ‘इच्छा होत नाही’ या तक्रारीवर पुरुषांसाठीही एकही गोळी मान्य नव्हती. त्या हिशोबाने स्कोअर ०–० होता.

या कुस्तीत स्त्रीवादी दोन्ही बाजूंना होत्या, हे मला फार बोलकं वाटतं. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन ही अमेरिकेतली मोठी संघटना गोळीच्या बाजूने. नॅशनल विमेन्स हेल्थ नेटवर्क विरोधात. विरोधातला सगळ्यात जुना आवाज न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञ लिओनोर टीफर यांचा. कॅनरच्या फिल्मच्याही त्या एका अर्थी नायिका आहेत. त्यांनी २००० मध्येच ‘न्यू व्ह्यू’ मोहीम सुरू केली होती. बाईच्या लैंगिक तक्रारींची कारणं चार ठिकाणी शोधा, असं त्यांचं म्हणणं. समाज, राजकारण आणि पैसा; जोडीदार आणि नातं; मन; आणि शरीर. शरीर शेवटी.

४ जून २०१५ च्या सुनावणीत अनेक बायका बोलल्या. ‘मला हवंसं वाटायला हवंय’, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. काहींचा प्रवासखर्च कंपनीने केला होता. विरोधकांनी हे दाखवून दिलं आणि ते योग्यच होतं. पण तिकीट कुणी काढलं यावरून बोलणारीचं दुःख खोटं ठरत नाही. मैत्रिणीचं वाक्य मला इथे आठवतं. एक बाजू त्या बायकांना मंचावर उभं करत होती, दुसरी त्यांना कठपुतळी समजत होती. समितीने १८ विरुद्ध ६ मतांनी, अटी घालून, गोळीच्या बाजूने कौल दिला. १८ ऑगस्ट २०१५ ला ‘ॲडी’ या नावाने तिला मान्यता मिळाली. दोनच दिवसांत व्हॅलियंट या बड्या कंपनीने स्प्राउटला सुमारे १०० कोटी डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर केलं. गोळीची किंमत ठरली महिन्याला सुमारे ८०० डॉलर. आणि विक्री झाली अगदी फुटकळ. २०१७ मध्ये व्हॅलियंटने कंपनी तिच्या जुन्या मालकांना परत देऊन टाकली.

इच्छा मोजायची कशी?

कॅनरने दुसरी फिल्म करावी आणि ती या ट्रायलच्या डायरीवर करावी, असं मला मनापासून वाटतं. कारण इच्छा मोजायची कशी, हा या वादातला सगळ्यात रंजक प्रश्न आहे आणि घोषणांच्या गोंगाटात तो हरवून गेला.

फ्लिबॅन्सेरिनच्या ट्रायलमध्ये दोन गोष्टी मोजल्या गेल्या. पहिली, महिन्यातले ‘समाधानकारक लैंगिक प्रसंग’. यात संभोगच हवा असं नाही, हस्तमैथुनही चालतं, समाधान झालं की नाही ते बाईने सांगायचं. दुसरी, इच्छा. पहिल्या दोन मोठ्या ट्रायलमध्ये बायकांनी रोज एका इलेक्ट्रॉनिक डायरीत त्या दिवशीची इच्छा नोंदवायची होती. त्या रोजच्या नोंदींमध्ये गोळी आणि नुसती साखरेची गोळी यांत ठोस फरक दिसला नाही. त्याच बायकांना प्रश्नावली देऊन गेल्या चार आठवड्यांतली इच्छा आठवून सांगायला लावलं, तेव्हा मात्र फरक दिसला. तिसऱ्या ट्रायलमध्ये इच्छेचं मुख्य माप म्हणून ही आठवणीवरची प्रश्नावलीच घेतली गेली.

यात काळंबेरं आहे असं लगेच म्हणू नका. रोज रात्री स्वतःला ‘आज किती इच्छा झाली’ असं विचारणं ही इच्छा मारायचीच पद्धत आहे, असंही कुणी म्हणू शकतं. महिन्याचा एकूण रंग आठवणीत जास्त खरा उतरत असेल. पण मग गोळी नेमकं काय बदलते? इच्छा, की इच्छेची आठवण? याचं उत्तर मिळण्याआधीच गोळी दुकानात पोचली होती.

आणि प्रसंगांचा हिशोब? तिसऱ्या ट्रायलमध्ये गोळी घेणाऱ्यांचे महिन्यातले समाधानकारक प्रसंग सरासरी २.५ ने वाढले. साखरेची गोळी घेणाऱ्यांचे १.५ ने. म्हणजे औषधाची खरी कमाई महिन्याला एक प्रसंग. २०१६ मध्ये आठ अभ्यास आणि ५,९१४ बायकांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा ही कमाई महिन्याला अर्ध्या प्रसंगावर आली. त्या बदल्यात चक्कर, झोप, मळमळ, थकवा. दारूसोबत घेतली तर रक्तदाब घसरून शुद्ध हरपायचा धोका, म्हणून सुरुवातीला दारू पूर्ण बंद. हा धोका तपासणाऱ्या अभ्यासात २५ जण होते. त्यात बायका किती? दोन. बायकांच्या गोळीचा अभ्यास २३ पुरुषांवर. २०१९ मध्ये दारूबद्दलची अट थोडी सैल झाली.

मला या आकड्यांमध्ये सगळ्यात जास्त विचार करायला लावतो तो साखरेच्या गोळीचा १.५. या बायकांच्या पोटात औषध गेलं नव्हतं. पण त्यांचं म्हणणं कुणीतरी गंभीरपणे ऐकून घेत होतं. त्या ठरावीक दिवसांनी डॉक्टरला भेटत होत्या. घरी जोडीदाराला माहीत होतं की ही काहीतरी करतेय. स्वतःच्या इच्छेकडे बघायला त्यांना एक अधिकृत कारण मिळालं होतं. यातल्या कशाने किती फरक पडला ते वेगळं काढता येत नाही. पण वाढीचा मोठा हिस्सा औषधाशिवाय आला एवढं नक्की, आणि त्या हिश्शाला पेटंट घेता येत नाही.

कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्येच एक वेगळा नकाशा मांडला होता. इच्छा नेहमी आधी येते आणि स्पर्श नंतर, असं नाही. खूप बायकांमध्ये जवळीक सुरू झाल्यावर, सुरक्षित आणि छान वाटल्यावर इच्छा मागून येते. जेवायला बसल्यावर भूक लागते तसं. आपोआप भूक लागत नाही म्हणून आजार ठरवायचा, तर आधी ताटात काय वाढलंय हे बघायला नको का?

एक खोडलेला शब्द

आता मूळ प्रश्नाकडे. हा आजार आहे का? माझं मत असं की हा प्रश्नच दोन्ही बाजूंना सोयीचा आहे, कारण त्याचं उत्तर बाईला न विचारता देता येतं. त्याहून अवघड आणि कामाचा प्रश्न आहे, त्रास कुणाला होतोय?

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ निदानासाठी ‘डीएसएम’ नावाचा ग्रंथ वापरतात. त्याच्या जुन्या आवृत्तीत कमी इच्छेच्या निदानासाठी अट होती, बाईला स्वतःला त्रास व्हावा ‘किंवा’ नात्यात अडचण यावी. हा ‘किंवा’ नीट वाचा. बाई मजेत आहे, नवरा वैतागलाय, घरात भांडणं होतायत. त्या ‘किंवा’मुळे निदान करायला एवढंही पुरलं असतं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत हे निदान नव्याने लिहिलं गेलं. आता तक्रार साधारण सहा महिने टिकलेली हवी आणि त्रास त्या व्यक्तीला स्वतःला हवा. जोडीदारापेक्षा इच्छा कमी असणं एवढ्यावर निदान होत नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय.

हा बदल झाला तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही. पण गोळीच्या मान्यतेपेक्षा मला तो मोठा वाटतो. आणि फिल्मवरचा माझा आक्षेपही याच शब्दांत सांगता येतो. ‘ऑर्गॅझम इंक.’ दाखवते की नफा कुणाला होतोय. त्रास कुणाला होतोय, हा प्रश्न ती एका बाईपुरता विचारते आणि पुढे सरकते.

इथे बसून बघताना

ही फिल्म भारतात, मराठीत विचार करत पाहिली की आणखी एक गोष्ट होते. आपल्याकडे रेल्वेलगतच्या भिंतींवर ‘मर्दानी ताकद’ आणि ‘गुप्तरोग’ यांच्या जाहिराती वर्षानुवर्षं रंगवलेल्या आहेत. त्या भिंतींवर बाईची इच्छा कुठेच नाही, कमीही नाही आणि जास्तही नाही. ‘कामेच्छा’ हा शब्द आपण छापतो, पण घरात बोलताना कुणी वापरत नाही.

आणि इच्छा नसणं म्हणजे काय, हे ठरवण्याआधी आपल्याला नकाराचा हिशोब करावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) विचारलं होतं, नवऱ्याला लैंगिक आजार असेल, त्याचे इतर बायकांशी संबंध असतील, किंवा बायको दमलेली असेल, तिचं मन नसेल, तर तिने नकार देणं योग्य आहे का? तिन्ही कारणांना ‘हो’ म्हणणाऱ्या बायका ८० टक्के, पुरुष ६६ टक्के. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही सज्ञान पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलीच आहे. जिथे ‘नको’ म्हणायला कायद्याचा पुरता आधार नाही, तिथे ‘हवंसं वाटत नाही’ यावर गोळी लिहून देणं ही निव्वळ वैद्यकीय गोष्ट राहत नाही. ‘गोळी आहे ना, घे की’ हे वाक्य कुठल्या बेडरूममध्ये कुठल्या आवाजात बोललं जाईल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

पण म्हणून विषयच नको, असंही मला म्हणायचं नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. बाईलाही सुखाचा हक्क आहे हे ते मराठीत छापत होते. वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, आणि त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. तेव्हा गोळीचा प्रश्न नव्हता. प्रश्न विचारता यावा का, हाच वाद होता. तो आपल्याकडे पुरता मिटलाय असं मला वाटत नाही.

मग गोळी की नको?

माझ्या वाचनाचा निष्कर्ष असा. ॲडी ही कमकुवत गोळी आहे. महिन्याला अर्धा ते एक प्रसंग, आणि त्यासाठी रोजची झोप आणि चक्कर. २०१९ मध्ये दुसरं औषध आलं, व्हायलीसी. ते पोटात किंवा मांडीत इंजेक्शनने घ्यायचं, निदान पाऊण तास आधी. ट्रायलमध्ये ४० टक्के बायकांना मळमळलं, आणि समाधानकारक प्रसंगांची संख्या साखरपाण्याच्या तुलनेत वाढली नाही. टीफर आणि कॅनर यांनी कंपन्यांबद्दल जी शंका घेतली होती, ती पुढच्या वर्षांनी बरीचशी खरी ठरवली.

पण औषध कमकुवत निघालं म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. डोकेदुखीवर वाईट गोळी आली तर आपण डोकं दुखतच नव्हतं असं म्हणत नाही. फिल्मचा सूर अनेकदा तिकडे घसरतो. टीफर यांच्या चार कप्प्यांची यादी मला याच कारणासाठी आवडते, फक्त ती ढाल म्हणून वापरू नये, प्रश्नावली म्हणून वापरावी. घरात सुरक्षित वाटतं का? नात्यात राग साठलाय का? झोप होते का? दुसरी कुठली औषधं चालू आहेत? दुखतं का? यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे आणि बऱ्याचशा उत्तरांना उपाय आहे. नैराश्याच्या गोळ्यांमुळे इच्छा गेली असेल तर त्या मनाने बंद करायच्या नसतात, पण डोस किंवा औषध बदलायचा पर्याय डॉक्टरांशी बोलता येतो. आपल्याकडे बायका तो विषय काढत नाहीत आणि बरेच डॉक्टर विचारत नाहीत.

आणि हे सगळं विचारून झाल्यावर, चारही कप्पे तपासल्यावर, सगळे आकडे समोर ठेवल्यावर एखादी बाई म्हणाली की मला ही गोळी आठ आठवडे घेऊन बघायची आहे, तर तिला भोळी म्हणायचा अधिकार मला नाही. आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर ती थांबवायची असते, हे तिला सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

‘ऑर्गॅझम इंक.’ जरूर पाहा. आकडा कसा तयार होतो आणि भीती कशी विकली जाते हे शिकायला इतकी हलकीफुलकी शाळा दुसरी नाही. फक्त पाहताना मनात एक रिकामी खुर्ची ठेवा. जी फसलेली नाही, जिला सगळं माहीत आहे आणि तरी जिला काहीतरी परत हवंय, तिच्यासाठी. फिल्ममध्ये ती येत नाही. सुनावणीत ती आली, तेव्हा तिच्या बोलण्यापेक्षा तिचं तिकीट कुणी काढलं यावरच जास्त चर्चा झाली.